देवस्थळींची वाक्यं

२४ नोव्हेंबर १९५७, रविवार

इंद्रभानशी बोलणं बंद! कायमचं. निदान उद्या संध्याकाळपर्यंत तरी.

भर दवाखान्यात, बाकावर पाच रोगी बसलेले असताना म्हणतो — "तुहा देवस्थळी संपला, जगदेव. मानूस म्हातारा झाला का त्यानं पिच्चर काढू नाही, नातवंडं खेळवावं." मी मिक्श्चर ओतत होतो. आठ डोसांच्या बाटलीत नऊ डोस गेले. डॉक्टर आत पेशंट तपासत होते म्हणून वाचलो. कंपौंडरची नोकरी, एवढ्यावरही जाऊ शकते.

दिग्दर्शक देवस्थळी संपले! आणि हे बोलतो कोण — तर कुंदनलालचा भक्त. कुंदनलालच्या पहिल्या बोलपटात एक हत्ती होता. मग तीन झाले. आता त्याचं वय साठीला टेकलं, तर हत्ती अकरा. इंद्रभानचा संत्र्याचा बगीचा आहे. झाडं जास्त म्हणजे बगीचा मोठा, हा त्याचा हिशेब, आणि तोच तो हत्तींना लावतो.

मी म्हटलं, "तुझ्या कुंदनलालनं माणसं काढून टाकली, जनावरं तेवढी ठेवली." तर उठूनच गेला. जाताना खोकल्याची बाटली बाकावर राहिली. मी आठवण करून दिली नाही.

२५ नोव्हेंबर

इंद्रभान खोकत आला. बाटली दिली. मी बोललो नाही. तो बोलला. मग मीही बोललो.

२८ नोव्हेंबर

तंबू लागला! कापसाची पहिली वेचणी झाली की अमरसिंग शेठची टूरिंग टॉकीज आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात येते, तशी यंदाही आली. बाजाराच्या मैदानात आज चार गाड्या सामान उतरलं. दवाखाना लवकर बंद करता आला असता तर बरं झालं असतं, पण लोकांना आजच हगवण लागली.

अमरसिंगचा तंबू म्हणजे इंजन आणि कर्णा शेजारी-शेजारी. इंजनाच्या धडधडीत कर्ण्यातलं काही कळत नाही. नटी तोंड हलवते, एवढं दिसतं. म्हणून भाऊसिंग. बंजारा तांड्यातला माणूस. बैलगाडीचं चाक डाव्या पायावरून गेलं, तेव्हापासून शेतातलं काम होत नाही. बारा वर्षं झाली, पडद्याशेजारी काठी घेऊन उभा राहतो आणि खड्या आवाजात सांगतो — "आता हा म्हनते... मंग थे म्हनते..." आमच्यासाठी वऱ्हाडीत, तांड्याची मंडळी बसली असली की मध्येच त्यांच्या बोलीत. तो सांगतो म्हणून आम्हांला देवस्थळी कळले, कुंदनलाल कळला.

देवस्थळींचं ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. बायको मरायला टेकलेली. नवरा उशाशी. आता हा छाती बडवणार म्हणून सगळा तंबू पदर नि उपरणी काढून तयार. आणि तो नुसता म्हणतो — "जाऊन राह्यली तं जाय. पन मीठ कुठी ठेवलं थे तं सांगून जाय." मी रडलो. इंद्रभानही रडला, आता नाही म्हणतो. असं वाक्य लिहिणारा माणूस कधी संपतो का?

जेवताना बायकोला, प्रयागला, हे सगळं सांगितलं. तर म्हणाली, "थे वाक्य भाऊसिंगचं असन." मला हसू आलं. म्हणाली, "हासू नका. कोट-पाटलोनवाला मानूस, एवढी मोठी हवेली, रांधाले चार बाया. त्याले मीठ कायले पायजे?" बायकांना बोलपटातही स्वयंपाकघरच दिसतं.

१ डिसेंबर, रविवार

अमरसिंग शेठनं बातमी दिली. अकोल्याहून नवं यंत्र येतंय. कर्णे दोन, आणि इंजन लांब तारेवर, पार ओढ्याकाठी. शब्दन् शब्द ऐकू येणार! देवस्थळींचा स्वतःचा शब्द!

आनंदात घरी निघालो आणि वाटेतच थांबलो. शब्द ऐकू येईल, पण भाऊसिंग मधे बोलणारच की. त्याला सही करता येत नाही. मास्तरांनी दिलेलं पुस्तक त्यानं उलटं धरलेलं मी स्वतः पाहिलंय. अशा माणसाच्या तोंडून जर ही वाक्यं इतकी गोड लागतात, तर मुळात ती काय असतील! इतकी वर्षं आम्ही दुसऱ्या पाण्याचा चहा प्यालो आणि त्यालाच वा वा म्हणत आलो.

इंद्रभानकडे गेलो. तो म्हणाला, "बराबर हाये. कुंदनलालचंही त्यानं वाटोळं केलं असन." आमचं दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. तिथंच 'चित्रपट रसिक मंडळ, मालेगाव' स्थापन केलं. अध्यक्ष कोण यावर अर्धा तास गेला. शेवटी दोन अध्यक्ष ठरले. सभासद नंतर पाहू.

४ डिसेंबर

भाऊसिंगला पडद्याजवळून हटवावं, असा अर्ज केला. एकेचाळीस नावं मिळाली. सह्या नऊ, बाकी अंगठे. दवाखान्यातच घेतले — बाटली हातात देण्याच्या आधी. लोक विचारत, "कायचा अंगठा?" मी म्हणे, कलेचा. तुळसाबाईला वाटलं, देवीची लस टोचायची आहे. तिनं दंडही उघडा केला. मी अंगठा घेतला, दंड झाकायला सांगितला.

प्रयागनं अर्ज पाहिला. "त्या मानसाचं पोट हाये त्याच्यावर," म्हणाली. मला काय कळत नाही? कळतं. वाईटही वाटतं, खरंच वाटतं. पण कला म्हणजे कला. असं म्हटल्यावर ती आत निघून गेली. वरणात मीठ नव्हतं. मुद्दाम की विसरून, विचारण्याची हिंमत झाली नाही.

८ डिसेंबर, रविवार

अमरसिंग शेठनं अर्ज उलटासुलटा पाहिला. "मले काय, एक मानूस कमी," म्हणाला आणि आमच्यादेखतच भाऊसिंगला हाक मारली. हे काही बरं केलं नाही. आम्ही गेल्यावर सांगायचं!

भाऊसिंग चिडेल असं वाटलं होतं. तो मला एवढंच म्हणाला, "कंपौंडर सायेब, पन लोकायले समजीन का?" मी म्हटलं, "समजेल. आता देवस्थळी स्वतः बोलणार आहेत." त्यानं मान हलवली. "मंग बराबर हाये. सायेब सोता बोलून राह्यले तं मधात आपुन कायले बोला?" काठी त्यानं खांबाला टेकवून ठेवली. ती तंबूची होती म्हणे. मग काठीशिवाय लंगडत मैदान ओलांडून गेला.

इंद्रभाननं पिशवीतली चार संत्री त्याच्या हातात कोंबली. माझ्या खिशात द्यायला काही नव्हतं. असं मी मनाला सांगितलं. अर्जाची नक्कल होती.

९ डिसेंबर

भाऊसिंग आणि त्याची बायको हिरीबाई जऊळक्याला गेले, रुळाच्या मातीकामावर. प्रयागनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार

काय लिहू!

देवस्थळींचा यंदाचा नवा बोलपट. मी धोतर धुतलेलं नेसून गेलो. पुढून तिसऱ्या रांगेत, सगळ्यात चांगली सतरंजी. दिवे गेले. कर्ण्यातून आवाज आला — स्वच्छ! अंगावर काटा आला. नायक नायिकेकडे वळला आणि म्हणाला, "हे प्राणप्रिये, तुझ्या वियोगाच्या दारुण वणव्यात माझे हृदयकमल होरपळून निघत आहे!"

निघत आहे, निघत आहे, अर्धा तास निघतच होतं. मागून कोणी ओरडलं, "पानी टाका त्याच्यावर!" सगळा तंबू हसला. एक म्हातारी सारखी विचारत होती, "काय म्हनते बापा थो? कोनी सांगा ना!" कोणी सांगितलं नाही. सांगणारा नव्हता. मीही सांगू शकलो नाही, मलाच अर्धं कळत नव्हतं.

मध्यंतरात इंद्रभान नुसता शेंगा फोडत माझ्याकडे बघत राहिला. त्यापेक्षा बोलला असता तर चाललं असतं.

१७ डिसेंबर

आज कुंदनलालचा. देव आहे! हा देवस्थळींपेक्षा खाली गेला. अकरा हत्ती आले, अकराही गेले. माणसं बोलायला लागली की लोक म्हणत, "हत्ती आना."

इंद्रभान घरी येताना रडवेला झाला होता. "हत्तीचं बोलनं काहून कापलं त्यानं?" म्हणाला. खरंच की! मागच्या बोलपटात राजा माजलेला असतो तेव्हा हत्ती सोंड वर करून त्याला काय सुंदर म्हणाला होता — "तू माह्यावर बसला म्हून उंच. खाली उतर, मंग पाहू." तंबूत शिट्ट्या पडल्या होत्या. यंदा एकही हत्ती बोलला नाही. अकरा असून!

२२ डिसेंबर, रविवार

मंडळातर्फे लेख पुरा केला — 'दिग्दर्शकांचे वार्धक्य: एक चिंतन'. दोन्ही अध्यक्षांच्या सह्या. फुलस्केप सात पानं. मुद्दा असा की, वय वाढलं की दिग्दर्शकाचा कान जातो. रस्त्यातली माणसं कशी बोलतात, हे त्याला ऐकू येईनासं होतं. तरुण देवस्थळींना मीठ माहीत होतं, म्हाताऱ्या देवस्थळींना हृदयकमल. कुंदनलालचा जवानीतला हत्ती बोलायचा, आताचे नुसते चालतात. अतिशय सूक्ष्म निरीक्षण आहे. मीच वाचून चकित झालो.

अकोल्याच्या एका साप्ताहिकाकडे पाठवला. प्रयागला वाचून दाखवला. ती चौथ्या पानावर झोपली.

२६ डिसेंबर

तंबूत सतरा माणसं. त्यांत दोन अध्यक्ष.

२९ डिसेंबर, रविवार

अमरसिंग शेठला धंदा नाही, म्हणून मीच सुचवलं — देवस्थळींचा तो जुना बोलपट मागवा, मिठाचा. पेटी मोटारीनं आली. लोकांना मी दवाखान्यातून पाठवलं, दिवसातून तीनदा औषध आणि रात्री बोलपट असं सांगून. तंबू बऱ्यापैकी भरला.

ते दृश्य आलं. बायको मरायला टेकलेली. नवरा उशाशी. मी उपरणं डोळ्याला लावूनच बसलो. आणि तो म्हणाला — "हे गृहलक्ष्मी! तुजवाचून हे सदन स्मशानवत् भासेल!"

मीठ नाही!

मी उठून ओरडलो, "मीठ कुठंय?" मागून कोणी म्हणालं, "दुकानात." लोक हसले. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, त्यांना दिसलं नसावं. इंद्रभान म्हणाला, "सेन्सारनं कापलं असन." मलाही तेच वाटतं. सरकारला मीठ नको असेल.

३० डिसेंबर

थेट देवस्थळींना पत्र लिहिलं, पुण्याच्या पत्त्यावर. चार पानं. कोणी कापलं, का कापलं, आपण गप्प कसे बसलात? आठवतील तेवढी सगळी वाक्यं लिहिली. मिठाचं लिहिलं. बाप पोराला घराबाहेर काढतो तेव्हा आई म्हणते ते लिहिलं — "जाय बापा. पन भाकर बांधून ने. राग तुले आला, तुह्या पोटाले नाही आला." एकूण बावीस निघाली. सगळी जशीच्या तशी पाठ होती.

४ जानेवारी १९५८

तंबू उठला. मानोऱ्याला गेला. दरवर्षी संक्रांतीपर्यंत तरी असतो. अमरसिंग शेठ बैलगाडीवरून म्हणाला, "कंपौंडर, तुमच्या कलेनं माह्यं मैदान झाडून नेलं."  

१२ जानेवारी, रविवार

लेख परत आला. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही.

२० जानेवारी

देवस्थळींचं पत्र! स्वतःच्या हातचं, अक्षर थरथरतं. तीनदा वाचलं. इथं उतरवून ठेवतो.

"आपण लिहिलेली वाक्ये माझ्या कोणत्याही बोलपटात नव्हती व नाहीत. कोणी काही कापलेले नाही. एकही वाक्य माझे नाही, हे लिहिताना मला फार वाईट वाटते, कारण मिठाचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. माझी पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. मी तेव्हा काय बोललो ते आठवते. ते असे नव्हते, पण असे असायला हवे होते. लोक म्हणतात मी संपलो. खरे आहे. शेवटचा एक बोलपट काढायचा आहे आणि माणसे कशी बोलतात ते मला लिहिता येत नाही. ही वाक्ये आपलीच असावीत आणि विनयाने आपण ती माझ्या नावावर घातलीत, असा माझा तर्क आहे. नसल्यास ती कोणाची, एवढे कळवावे. त्या माणसाला मी पुण्याला बोलावून घेईन, राहण्याजेवण्याची सोय करीन, आणि पडद्यावर त्याचे नाव माझ्या नावाच्या आधी घालीन."

भाऊसिंग. सगळं भाऊसिंगचं. मीठ त्याचं, भाकर त्याची, हत्तीसुद्धा त्याचाच. बारा वर्षं मी ज्याची पूजा केली तो माणूस माझ्यासमोर दहा हातांवर काठी घेऊन उभा होता. आणि मी एकेचाळीस अंगठे गोळा करून त्याला हाकललं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

प्रयागला पत्र वाचून दाखवलं. "मी म्हटलं होतं ना" असं म्हणेल म्हणून वाट पाहिली. ती म्हणाली, "मंग कधी जाता जऊळक्याले?"

२१ जानेवारी

इंद्रभानला पत्राचं सांगितलं नाही. उद्या सांगीन.

२३ जानेवारी

आज पत्र दोनदा वाचलं. "ही वाक्ये आपलीच असावीत." अक्षर थरथरतं आहे, पण हे वाक्य किती ठसठशीत लिहिलंय!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं आणि सायकल काढून जऊळक्याला गेलो. रुळाच्या भरावावर बाया मातीच्या पाट्या वाहत होत्या, त्यांत हिरीबाई होती. भाऊसिंगला पायामुळं माती जमत नाही, म्हणून तो पाणी पाजतो. दीड महिन्यात फार वाळला.

दुपारची सुट्टी झाली होती. बाभळीखाली पन्नास-साठ माणसं भाकरी सोडून बसली होती आणि मध्ये भाऊसिंग उभा! पडदा नाही, यंत्र नाही, काठी नाही. बोलपट सांगत होता. कोणता ते मला कळलं नाही, बहुतेक कोणताच नव्हता. त्यातली म्हातारी सासरी निघालेल्या नातीला म्हणत होती, "रडू नोको. रडाले इथं जागा होती, तिथं कोपरा पाहा लागीन." एक मुकादम तोंड फिरवून उभा राहिला. मी खिशातून पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं. भाऊसिंगला वाटलं, कोणाला औषध लिहून देतोय.

मला पाहून त्याला एवढा आनंद झाला! स्वतः पाणी आणून दिलं. मी म्हटलं, "भाऊसिंग, तुझ्याशी बोलायचं होतं." तो म्हणाला, "मलेही बोलाचं होतं. देवस्थळी सायेबाले तुमी पत्र लिहता म्हने?" मी म्हटलं, लिहितो कधी कधी. तर हात जोडून म्हणाला, "मंग माह्याकडून माफी मांगजा. इंजनाच्या आवाजात मले कधीच काही आयकू आलं नाही, सायेब. अंदाजानं सांगत गेलो. त्याइच्या एवढ्या चांगल्या बोलन्याची म्या बारा वर्सं माती केली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पत्र खिशात होतं, हात खिशात गेलासुद्धा. पण आजूबाजूला माणसं होती, घंटा झाली, लोक उठले. नंतर सांगू म्हटलं. येताना उतार आहे, तरी सायकल जड जात होती.

घरी आल्यावर प्रयागनं विचारलं, "काय म्हने भाऊसिंग?" मी म्हटलं, खूश झाला.

२८ जानेवारी

पुण्याला उत्तर टाकलं. 'वाक्ये माझीच आहेत' असं लिहिलं, आणि खाली आणखी एक घातलं, नातीचं.

प्रयागनं विचारलं, भाऊसिंगचं नाव नीट लिहिलं ना, तांड्याच्या पत्त्यासकट? हो म्हटलं.